टिळकनगर ते टपालकचेरी

१९३६ च्या डिसेंबरात फैजपूरच्या शिवारात बांबूंचं एक नगर उभं राहिलं, टिळकनगर. गावात मिळेल तेच सामान वापरायचं, या गांधीजींच्या आग्रहाखातर नंदलाल बोस यांनी बांबू आणि चटयांतून कमानी केल्या, धनाजी नाना चौधरींनी पंचक्रोशी कामाला लावली, शंकरराव देव स्वागताध्यक्ष झाले. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं हे पहिलं अधिवेशन. बैलांच्या रथातून मिरवत आलेले अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, हे चित्र आमच्याकडे दर डिसेंबरात पुसून पुन्हा भिंतीला लागतं. टिळकनगरच्या मांडवात मंजूर झालेल्या एका ठरावाकडे मात्र फारसं कोणी वळत नाही. हिंदुस्थानची घटना बाहेरच्यांनी लिहून देऊ नये, प्रौढ मतदानाने निवडलेल्या घटना समितीनेच ती करावी, असा तो ठराव होता.

त्याच अधिवेशनाला क्रांतिकारक मानवेंद्रनाथ रॉयही आले होते. महिनाभरापूर्वीच, २० नोव्हेंबरला, त्यांची तुरुंगातून सुटका झाली होती. १९१५ मध्ये देश सोडलेला हा माणूस पंधरा वर्षं मेक्सिको, बर्लिन, मॉस्को असा परमुलखात राहिला. १९३० च्या अखेरीस चोरून परतला, १९३१ मध्ये मुंबईत पकडला गेला आणि कानपूरच्या तुरुंगातच त्याचा खटला चालवला गेला. परक्या देशात कोणाच्या तरी मर्जीवर राहणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं अंगावर काढलेला दुसरा माणूस टिळकनगरात नसावा.

घटना समिती बसली ती दहा वर्षांनी, ९ डिसेंबर १९४६ रोजी. तिने केलेल्या घटनेत काही हक्क 'नागरिकां'ना मिळाले: बोलण्याचा, संघटना करण्याचा, देशात कुठेही राहण्याचा. पण कायद्यापुढची समानता देणारं चौदावं कलम आणि जीविताचं रक्षण करणारं एकविसावं कलम यांत शब्द आहे 'व्यक्ती'. फैजपूरने मागणी केली होती ती या देशाच्या लोकांसाठी. घटनेने दिलं ते या भूमीवर पाय ठेवलेल्या कोणालाही. निदान कागदावर.

निर्वासित आला की आपण लगेच तराजू काढतो. एका पारड्यात दया, दुसऱ्यात सुरक्षा. 'बिचारे' म्हणणारे एका बाजूला आणि 'हाकला' म्हणणारे दुसऱ्या. या दोन्ही गटांना त्या माणसाला काय म्हणायचं आहे याची गरज भासत नाही, हे मला फार दिवसांपासून खटकतं. माझ्या लेखी प्रश्न त्याहून साधा आणि कोरडा आहे. त्याच्या विरुद्ध हुकूम निघण्याआधी त्याचं म्हणणं कोणी ऐकून घेतलं का, आणि हुकूम का काढला हे त्याला कोणी लिहून दिलं का? गेल्या शंभराहून अधिक वर्षांची कहाणी या एवढ्या प्रश्नावर तपासून पाहावी, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. खानदेश हा आलेल्यांचाच मुलूख. फैजपूर, सावदा, रावेर पट्ट्यातला लेवा पाटीदार समाज आपले पूर्वज गुजरातेतून तापीकाठी आल्याचं परंपरेने सांगतो. या समाजाने पाडळसे इथे आपली भोरगाव पंचायत बसवली, तिचा कुटुंबनायक मानला आणि घरातले, सोयरिकीतले तंटे तिथेच सोडवले. नव्या मुलखात आलेले लोक स्वतःचा पार स्वतः बांधतात, तो काही हौसेने नाही. दुसऱ्याच्या चावडीवर आपली भाषा कोणाला कळेल आणि आपल्या बाजूने कोण उभं राहील, याची खात्री नसते. पुढे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांनीही आपापल्या पंचायती आणि मुखी, म्हणजे प्रमुख, सोबत आणले. असा पार घरातला तंटा मिटवतो. सरकारी हुकुमापुढे त्याचं काही चालत नाही.

महाराष्ट्राला परभूमीवरच्या आश्रयाचा कायदा पहिल्यांदा शिकवला तो मार्सेलिसने. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून समुद्रात घेतलेली उडी इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. उडीनंतर काय झालं, ते मात्र थोड्यांनाच माहीत असतं. फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोहोचलेल्या या माणसाला तिथल्या शिपायाने, बोटीवरचा कोणी पळालेला खलाशी समजून, धरलं आणि इंग्रजांच्या हवाली केलं. कार्ल मार्क्सचे नातू जाँ लोंगे यांनी पॅरिसच्या वर्तमानपत्रातून ओरड केली, फ्रान्सने आपल्या भूमीवरचा कैदी परत मागितला आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा आला. पकडून देण्यात अनियमितता झाली, पण म्हणून कैदी परत करण्याचं बंधन ब्रिटनवर येत नाही.

या निवाड्यात मला सलतो तो त्याचा मथळा. पक्षकार दोन, फ्रान्स आणि ब्रिटन. ज्याच्या जन्माचा निकाल लागत होता तो पक्षकारच नव्हता. हेगला वाद रंगला तेव्हा सावरकर मुंबईत होते. ज्युरी नाही, अपील नाही अशा खास न्यायासनाने त्यांना तोवर दोन जन्मठेपा ठोठावल्याही होत्या. आश्रय हा दोन सरकारांमधला देण्याघेण्याचा व्यवहार आणि आश्रय मागणारा म्हणजे त्या व्यवहारातली वस्तू, हा विचार तेव्हा निवाड्यात उतरला. तो पुरता पुसला गेला असं आजही म्हणवत नाही.

दुसऱ्या महायुद्धात आपणच यजमान झालो. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारलं गेलं आणि मुंबई इलाख्यातल्या जर्मन, ऑस्ट्रियन लोकांची धरपकड झाली. त्यांत हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूही होते, कारण त्यांच्या पासपोर्टावर जर्मनीचाच शिक्का होता. नाझी आणि नाझींनी हुसकलेला, दोघे एकाच यादीत आणि काही काळ एकाच तारेच्या कुंपणात, अहमदनगरला. पण इंग्रज सरकारने एक चौकशी समिती नेमली. तिने एकेकाला बोलावून विचारलं. मुंबईत १९३४ मध्ये निघालेली ज्यूंची मदतसंस्था त्यांच्यासाठी हमी द्यायला उभी राहिली आणि पुष्कळ जण सुटले. पुढच्याच उन्हाळ्यात फ्रान्स पडलं, सरकार बिथरलं आणि पुन्हा कैद झाली, तो भाग वेगळा. पण वसाहतीच्या सरकारला, ऐन युद्धात, संशयिताला समोर बसवून विचारणं जमलं होतं, ही नोंद करून ठेवण्यासारखी आहे.

वळिवड्याची तऱ्हा निराळी. कोल्हापूरजवळच्या या माळावर १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाच्या हद्दपारीतून इराणमार्गे आलेली. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं होतं. त्यांचं पालकत्व लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारकडे आणि इथे त्या सरकारच्या मुंबईतल्या वकिलातीकडे. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने वॉर्साच्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनच्या सरकारची काढून घेतली. वळिवड्याच्या बायकांनी काही केलं नव्हतं, त्या माळावरून हलल्याही नव्हत्या. पण त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या कचेरीला कायद्याने तोंड उरलं नाही. परत जावं तर घरंदारं रशियाच्या हद्दीत गेलेली. शेवटी त्या जगभर पांगल्या आणि त्यांनी रिकाम्या केलेल्या बराकींत सिंधमधून आलेले लोक शिरले. त्याच वस्तीचं आजचं नाव गांधीनगर.

आता फाळणीकडे. इथे जरा रेंगाळावं लागेल, कारण या विषयातला सगळ्यांत बोलका खटला मुंबईत घडला आणि तो वकिलांच्या पुस्तकांबाहेर कोणाला ठाऊक नाही. तिथेही तो 'निर्वासितांचा खटला' म्हणून शिकवत नाहीत.

वॉर्डन रोडवर 'पॅराडाइज' नावाची इमारत. तिच्या पहिल्या मजल्यावरच्या जागेचा भाडेकरू २९ जानेवारी १९४८ रोजी आपला भाडेहक्क तिघांच्या नावे करून देतो. तिघेही सिंधमधून आलेले निर्वासित. त्यांतले खुशालदास अडवाणी ४ फेब्रुवारीला राहायला जातात. २६ फेब्रुवारीला मुंबई सरकारचा हुकूम येतो की ही जागा सार्वजनिक कामासाठी ताब्यात घेतली आहे. कायदा म्हणजे डिसेंबर १९४७ चा जमीन व जागा ताब्यात घेण्याचा वटहुकूम. सार्वजनिक काम कोणतं? निर्वासितांची सोय. ही जागा ज्या बाईंना द्यायची ठरली, त्याही सिंधमधल्याच निर्वासित. एका निर्वासिताला उठवून दुसऱ्या निर्वासिताला बसवायचं आणि मधल्या मध्ये पहिल्याला एका शब्दाने विचारायचं नाही!

अडवाणींनी ४ मार्चला उच्च न्यायालय गाठलं. तेव्हा घटना नव्हती, मूलभूत हक्क नव्हते, होता तो इंग्रजी परंपरेतला रिट अर्ज. मुंबई उच्च न्यायालयात आधी न्यायमूर्ती भगवतींनी आणि मग छागलांच्या अपीलपीठाने अडवाणींच्या बाजूने कौल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. १५ सप्टेंबर १९५० रोजी सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला, चार विरुद्ध दोन. बहुमत म्हणालं, की जागा सार्वजनिक कामासाठी हवी आहे असं सरकारला वाटणं ही कारभारातली बाब आहे, न्यायनिवाड्यातली नव्हे. जिथे कायद्यानेच न्यायबुद्धीने निर्णय घ्यायला बांधलेलं नाही, तिथे हा रिट चालणार नाही. महाजन आणि मुखर्जी या दोघांना ते पटलं नाही. अडवाणी हरले.

या निकालावर पुढे प्रशासकीय कायद्याची एक शाखाच वाढली. कारभाराचा हुकूम कोणता आणि न्यायाचा कोणता, याचा कीस पाडण्यात वकिलांच्या दोन पिढ्या गेल्या. मला त्यात दिसतो तो कराचीकडून आलेल्या बोटींचा धक्का आणि जागेसाठी एकमेकांना रेटणारी माणसं. सरकारचीही अडचण खरी होती. मुंबईत पाय ठेवायला जागा नव्हती. पण घाई हे कारण एकदा चाललं की ते सवयीचं होतं.

तरी त्याच काळातल्या सरकारबद्दल एक चांगलं बोललंच पाहिजे. त्याने या लोकांसाठी मुद्दाम दारं बांधली. मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासायला १९५० चा कायदा, कर्जाच्या पाशातून सोडवायला १९५१ चा कायदा, भरपाईसाठी १९५४ चा. कर्जाच्या कायद्याने दिवाणी न्यायालयांनाच विस्थापितांची न्यायाधिकरणं म्हणून नेमण्याची सोय केली. शिकारपूर, सक्करच्या व्यापाऱ्याचं दुकान गेलं, वह्या गेल्या, पण सावकाराचा तगादा मात्र सीमा ओलांडून आला. त्याला आपली बाजू मांडायला एक जागा मिळाली. दाव्याच्या अधिकाऱ्यापुढे तोंडी साक्ष देता येई. या माणसाकडे कागद नसणारच, हे गृहीत धरून ही यंत्रणा उभारली होती. तिच्यात भेद होताच. ज्याचं मागे काही होतं त्याचाच दावा, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या हाऱ्याला कसला दावा? आणि घटनेच्या सहाव्या कलमाने १९ जुलै १९४८ ही रेघ मारली होती. त्याआधी आलेला आपोआप नागरिक, त्यानंतर आलेल्याने अधिकाऱ्याकडे नोंदणी करून घ्यायची. शब्दांवरूनही तेव्हा धुसफूस होती. 'निर्वासित' हा शब्द या लोकांना झोंबायचा. ते स्वतःला 'पुरुषार्थी' म्हणवून घेत. जळगावच्या सिंधी कॉलनीतल्या कंवरनगरात, जिथे वस्तीचं नावच सिंधमध्ये गोळी घालून मारल्या गेलेल्या संत कंवररामांवरून पडलं आहे, तिथे आज हा शब्द कोणी उच्चारणार नाही. गरजच उरली नाही.

उलट दिशेचा प्रवासही याच हिशेबात धरायला हवा. पाकिस्तानात जाऊन परत आलेल्या मुसलमानांसाठी १९४९ मध्ये परवान्याचा कायदा झाला. परवाना नसेल तर सरकार त्याला थेट हद्दपार करू शकत होतं. इब्राहिम वझीर मावत विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम नागरिकांपुरतं रद्द केलं. कारण असं, की नागरिकाला केवळ संशयावर, कुठल्याही न्यायासनापुढे चौकशी न होता, देशाबाहेर ढकलता येणार नाही.

पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, त्याच न्यायालयापुढे कलकत्त्याच्या तुरुंगातला हान्स म्युलर हा जर्मन आला. परकी माणसाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार निरंकुश आहे, असं उत्तर त्याला मिळालं.

इथे वाट फुटली. नागरिकाची वाट रुंदावत गेली. १९६७ मध्ये ओरिसातल्या एका सरकारी डॉक्टर बाईंच्या जन्मतारखेच्या वादात न्यायालय म्हणालं, हुकूम कारभाराचा असला तरी ज्याच्यावर त्याचा परिणाम होतो त्याला ऐकलंच पाहिजे. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात तर सुनावणी हा एकविसाव्या कलमाचाच गाभा ठरला. अडवाणींनी हरलेली लढाई नागरिकांनी तीसेक वर्षांत जिंकली. परक्याची वाट मात्र १९५० च्या वळणावरच घोटाळली. १९३७ पासून भारतात राहिलेले, बिहारच्या आदिवासी भागात आयुष्य काढलेले बेल्जियन पाद्री लुई द रेट यांना जायला सांगितलं गेलं, तेव्हा १९९१ मध्ये न्यायालय म्हणालं, की परक्याला ऐकून घेण्याचा काही ठरीव नियम नाही, प्रकरण पाहून ठरवावं. चोपन्न वर्षं राहिलेल्या माणसाचं प्रकरण!

मग 'व्यक्ती' या शब्दाचं काय झालं? तो अधूनमधून जागा होतो. मुंबई उच्च न्यायालयानेच १९९४ मध्ये एका इराणी माणसाला इराणला परत धाडण्याचा प्रश्नच येत नाही असं सांगितलं, कारण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाने त्याला निर्वासित म्हणून मान्यता दिली होती. १९९६ चा अरुणाचलातल्या चकमांचा निकाल सगळ्यांना माहीत आहे तो एकविसावं कलम परक्यालाही लागू आहे या वाक्यासाठी. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. १९६४ पासून राहत असलेले हे लोक नागरिकत्वाचे अर्ज देत होते आणि जिल्ह्याची कचेरी ते पुढे पाठवतच नव्हती. नाकारत नव्हती, हे लक्षात घ्या. नाकारलं असतं तर निदान दाद मागता आली असती. अर्ज फायलीत निपचित पडून होते. न्यायालयाला सांगावं लागलं की अर्ज केंद्राकडे पाठवा आणि निर्णय होईस्तोवर कोणाला उठवू नका. तलाठी सजेपासून मंत्रालयापर्यंत ज्यांनी कधी हेलपाटे घातले असतील, त्यांना हे निराळं समजावून सांगायला नको.

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही केलेला नाही. करार केला की सगळं सुरळीत होईल, या मताचा मी नाही. करार केलेल्या देशांनीही समुद्रात नावा परत लोटल्या आहेत. पण कायदाच नसल्यामुळे निर्वासित आणि व्हिसा संपूनही रेंगाळलेला पर्यटक यांना एकच कायदा लागतो. तो बराच काळ इंग्रजांच्या शेवटच्या वर्षातला, १९४६ चा होता. मी परका नाही, हे सिद्ध करण्याचा भार त्यात त्या माणसावरच होता. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आला, जुने चार कायदे गेले, पुराव्याचा भार आहे तिथेच आहे. १९५० च्या दशकातला अधिकारी निर्वासिताकडे कागद नसणार असं धरून चालायचा. आता कागद नाही यावरच संशय उभा राहतो.

जळगाव, नागपूर, उल्हासनगर इथल्या सिंधी वस्त्यांत पाकिस्तानातून पुढच्या दशकांत आलेली कुटुंबं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. त्यांची नोंद पोलिसांच्या कचेरीत. २०१६ मध्ये त्यांना बँकेत खातं, राहण्यापुरतं घर, वाहन परवाना, आधार आणि राज्यात फिरण्याची मुभा मिळाली. त्याआधी शेजारच्या जिल्ह्यात लग्नाला जायचं तरी विचारावं लागे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. दीर्घ मुदतीच्या व्हिसावरच्या हिंदूंना ते लागू नाही असा खुलासा सरकारने लगोलग केला. बरं केलं. पण ज्याचं सारं बस्तान एका खुलाशावर टिकतं, त्याला झोप कितपत लागत असेल?

नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाची वाट दिली. नियम आले मार्च २०२४ मध्ये. त्या नियमांत जिल्ह्याच्या समितीवर कागद तपासायला, शपथ द्यायला कोण आहे? टपाल अधीक्षक. मी हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. मनीऑर्डर आणि बचत खात्यांचा हिशेब सांभाळणाऱ्या कचेरीकडे माणूस कोणत्या देशाचा हे ठरवण्याची पहिली पायरी आली. यात हसण्यासारखं आहे, पण मी हसत नाही. टपालखात्याचा माणूस निदान टेबलापलीकडे बसलेला दिसतो, आणि गावोगावच्या पत्त्यांवर माणसं शोधण्याची त्याच्या खात्याला दीडशे वर्षांची सवय आहे. माझी हरकत वेगळी आहे. अर्ज नामंजूर झाला तर का झाला, हे अर्जदाराला समजेल अशा भाषेत, तारखेनिशी, सहीनिशी त्याच्या हातात पडेल का?

आणि जो या यादीतच नाही त्याचं काय? गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळ नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. १ जुलै १९८७ च्या आधी इथे जन्मलेला तिबेटी जन्माने भारतीय ठरतो. त्याचा धाकटा भाऊ, त्याच घरात, पण त्या तारखेनंतर जन्मलेला, परका. अफगाणिस्तानातून तालिबानच्या भीतीने आलेला मुसलमान, म्यानमारमधून आलेला रोहिंग्या, हे तर कुठल्याच सवलतीत बसत नाहीत. ८ एप्रिल २०२१ रोजी जम्मूतल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 'व्यक्ती'चे हक्क मान्य केले, पण हाकलून न देण्याचा हक्क हा देशात राहण्याच्या नागरिकांच्या हक्काशी जोडलेला आहे असं म्हणून फक्त रीतसर पद्धत पाळायला सांगितली. ती पद्धत पाळताना त्या माणसाला काय सांगायचं आहे ते ऐकायचं की नाही, याचं उत्तर आजही प्रकरण पाहून ठरतं. द रेट यांच्यासारखंच.

देशात कोण आलं हे तपासण्याचा हक्क सरकारला नसावा, असं कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. तपासा, चौकशी करा, खोटं बोलणाऱ्याला परत पाठवा. पण तपासणं म्हणजे विचारणं, आणि विचारायचं तर त्याच्या भाषेत. खानदेशातल्या माणसाला हे सांगावं लागू नये. अहिराणी किंवा तावडी बोलणारी म्हातारी कोर्टात साक्षीला उभी राहिली की प्रमाण मराठी बोलणाऱ्या वकिलापुढे तिची काय त्रेधा उडते, ते आपण पाहिलेलं असतं. मग बर्मी किंवा दारी बोलणाऱ्याचं काय होत असेल? यासाठी नवा करारही नको आणि दिल्लीचा मुहूर्तही नको. १९८७ च्या विधिसेवा कायद्याचं बारावं कलम उघडून पाहा. फुकट वकील कोणाला मिळावा याच्या यादीत स्त्री आहे, मूल आहे, कोठडीतला माणूस आहे. तो भारतीय असला पाहिजे, असं त्या कलमात म्हटलेलं नाही. म्हणजे फैजपूरच्या कोणा भाडेकरू खोलीत उद्या अशी एखादी बाई राहायला आली आणि तिच्यावर नोटीस निघाली, तर यावलच्या तालुका विधिसेवा समितीने तिला वकील द्यायला कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती एवढीच, की हे त्या बाईला माहीत नाही, बहुधा नोटीस बजावणाऱ्यालाही नाही, आणि तिचं बोलणं समजून सांगणारा दुभाषी समितीच्या यादीत नाही. त्या यादीत दोन नावं वाढवायला किती खर्च येतो?

जम्मूच्या त्या हुकुमानंतर महिनाही झाला नव्हता, ३ मे २०२१ रोजी मणिपूरच्या उच्च न्यायालयाने म्यानमारमधून पळून आलेल्या सात जणांच्या प्रकरणात निकाल दिला. त्यांत तीन पत्रकार आणि लहान मुलंही होती. बेकायदा आले, हे त्यांनी लपवलं नाही. पकडले जाण्याच्या भीतीने ते दडून होते. निर्वासित आयोगाची कचेरी दिल्लीत, आणि तिथवर जाण्याची वाट पोलिसांच्या नाक्यांतून. न्यायालयाने त्यांचं ऐकून घेतलं आणि दिल्लीला जाण्याची सुरक्षित वाट करून द्या असा हुकूम दिला. आमच्या सावदा स्टेशनातून केळीच्या वॅगना दिल्लीला जातात. फैजपूरच्या घडाला हा प्रवास करायला एक पावती पुरते. त्या सात जणांना उच्च न्यायालयाचा हुकूम लागला.